सवलतीत आरक्षित केलेल्या क्रूझमध्ये आणखी एका प्रवाशाचे नाव कसे वाढवावे?

सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझचे दोघांचे आरक्षण सवलतीत झालेले असते आणि मग घरात ठरते, की आईलाही बरोबर न्यावे. कधी परीक्षेमुळे वगळलेल्या मुलाच्या तारखा मोकळ्या होतात. मुंबई-पुण्याकडच्या कुटुंबांत हा प्रसंग नवा नाही. विमानाच्या बाबतीत अशा वेळी एक तिकीट वेगळे काढले की भागते. क्रूझमध्ये मात्र विक्री केबिनची होते आणि प्रवासी त्या केबिनच्या आरक्षणात नोंदवले जातात. त्यामुळे तिसरे नाव वाढवणे म्हणजे नवे तिकीट काढणे नसून, आधीच झालेल्या व्यवहारात बदल मागणे होय. मिळालेली सवलत धोक्यात येते ती या बदलाच्या वेळी, म्हणून अर्ज करण्यापूर्वी पुढील बाबी समजून घ्याव्यात.

जागा आहे की नाही, हे दोन ठिकाणी तपासले जाते

पहिली तपासणी केबिनची असते. काही केबिनमध्ये दोनच बर्थ असतात. काहींमध्ये सोफ्याचा पलंग होतो किंवा छताजवळून खाली ओढायचा बर्थ असतो आणि तिथे तिघे किंवा चौघे राहू शकतात. आरक्षणाच्या कागदावर केबिनचा प्रकार आणि क्रमांक दिलेला असतो, त्यावरून कमाल प्रवासीसंख्या विचारून घेता येते. ‘आम्ही दाटीवाटीने राहू, आईला वेगळा पलंग नको’ ही विनंती इथे चालत नाही.

दुसरी तपासणी अनेकांना ठाऊक नसते, आणि नकार मिळाल्यावर वाद होतो तो बहुधा तिच्यामुळेच. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या १९७४ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, म्हणजे ‘सोलास’नुसार, जहाजाला ठरावीक प्रवासीसंख्येचेच सुरक्षा प्रमाणपत्र मिळते. शिवाय प्रत्येक केबिन आणीबाणीत जमण्याच्या एका ठरावीक जागेशी, म्हणजे मस्टर स्टेशनशी, जोडलेली असते आणि त्या जागेची क्षमताही मर्यादित असते. ती भरली असेल, तर केबिनमध्ये तिसरा बर्थ रिकामा असूनही नाव वाढवता येत नाही. सुट्ट्यांच्या दिवसांत, जेव्हा बहुतेक केबिनमध्ये मुलांसह तिघे-चौघे असतात, तेव्हा हे हमखास घडते. असा नकार आल्यास त्याच दर्जाची, पण दुसऱ्या मस्टर स्टेशनशी जोडलेली केबिन उपलब्ध आहे का, हे विचारावे. कित्येकदा मार्ग निघतो तो तिथेच.

वयाच्या आणि प्रकृतीच्या अटी वाढीव प्रवाशालाही लागू असतात. उदाहरणार्थ, रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या नियमांनुसार बाळ प्रवासाच्या पहिल्या दिवशी किमान ६ महिन्यांचे असावे लागते (महासागर ओलांडणाऱ्या सफरींसाठी १२ महिन्यांचे), आणि प्रवासात केव्हाही गर्भारपणाचा २४ वा आठवडा लागणार असेल तर त्या स्त्रीला प्रवेश दिला जात नाही. तान्ह्या बाळाचीही प्रवासी म्हणून गणना होते. मांडीवर बसवून नेण्याची विमानातली सोय इथे नाही.

सवलत नेमकी कशावर मिळाली होती?

क्रूझचे भाडे साधारणपणे ‘एका केबिनमध्ये दोघे’ या हिशेबाने ठरते. बहुतेक जाहिरातींतली सवलतही याच दोघांच्या मूळ भाड्यावर असते. तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाशाचे भाडे वेगळ्या दराने आकारले जाते; ते बहुधा कमी असते आणि काही योजनांत ठरावीक वयाखालील मुलांसाठी शून्यही असते. परंतु बंदर शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांसाठीची सेवारक्कम माणशी द्यावी लागते. ‘मुले मोफत’ असे वाचून खूश झालेल्यांना अंतिम बिल पाहून धक्का बसतो तो यामुळे.

यापेक्षा गंभीर बाब फेरआकारणीची आहे. नाव वाढवण्यासाठी आरक्षण संगणकावर उघडले, की ते पूर्वीच्या योजनेत ठेवले जाईल की त्या दिवशीच्या दराने पुन्हा आकारले जाईल, हे त्या योजनेच्या अटींवर अवलंबून असते. योजनेची मुदत संपलेली असेल तर फेरआकारणीची शक्यता वाढते. समजा, पहिल्या प्रवाशाचे भाडे ३०,००० रुपये होते आणि दुसऱ्याला ६० टक्के सवलत मिळून १२,००० रुपये पडले, तर दोघांचे भाडे ४२,००० रुपये झाले. तिसऱ्याचे भाडे १५,००० रुपये आणि बंदर शुल्क व कर माणशी ९,००० रुपये धरले, तर जुना दर कायम राहिल्यास तिघांचे ८४,००० रुपये होतात. पण आज पहिल्या प्रवाशाचा दर ३६,००० रुपये झालेला असेल आणि तीच ६० टक्क्यांची योजना नव्या दरावर लावली गेली, तर दोघांचेच भाडे ५०,४०० रुपये आणि तिघांचा एकूण खर्च ९२,४०० रुपये होईल. सवलतीची टक्केवारी तीच राहिली, तरी खर्च ८,४०० रुपयांनी वाढला. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. मात्र ‘सवलत कायम आहे ना?’ एवढेच विचारणे का पुरेसे नाही, ते त्यांतून दिसते. ‘पहिल्या दोघांचे मूळ भाडे रुपयांत तेच राहणार का?’ असा प्रश्न विचारावा.

तिसऱ्या व्यक्तीसाठी वेगळी केबिन घेण्याचा विचार असेल, तर एकट्या प्रवाशाकडून बहुधा दोघांचे भाडे घेतले जाते, हे ध्यानात ठेवावे. दोन माणसे वाढत असतील, तर हाच पर्याय तुलनेने परवडू शकतो. ज्येष्ठांसाठीची सवलत असलेल्या दरात केबिनमधील एकाच व्यक्तीचे वय विचारात घेतले जात असेल, तर आईच्या नावाने संपूर्ण केबिनचा दर कमीही होऊ शकतो. परंतु ही सवलत सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

अर्ज कोणाकडे आणि कसा करावा

आरक्षण एजंटमार्फत केलेले असल्यास बदलही त्याच्यामार्फतच करावा लागतो. क्रूझ कंपनीच्या ग्राहक सेवेला दूरध्वनी केला तरी बहुधा एजंटकडेच परत पाठवले जाते. एजंटने गटासाठी आधीच अडवून ठेवलेल्या केबिनपैकी एक आपल्याला दिली असेल, तर हे अधिकच खरे. आरक्षण थेट कंपनीकडे असेल, तर ज्याच्या नावाने ते आहे त्याने आरक्षण क्रमांकासह संपर्क साधावा.

पहिल्याच संभाषणात बदल करू देऊ नये. ‘करून टाकतो साहेब, बघू किती होतात ते’ हे वाक्य ऐकले, की थांबावे. आधी लेखी दरपत्रक मागावे, त्यात प्रत्येक प्रवाशाचे भाडे, शुल्क, कर आणि सेवारक्कम स्वतंत्र दाखवलेली असावी, आणि नवा आकडा मान्य नसल्यास जुने आरक्षण जसेच्या तसे राहील, हेही लिहून घ्यावे. जुने आरक्षण रद्द करून तिघांचे नवे करण्याचा सल्ला मिळाल्यास, नव्या आरक्षणाचा क्रमांक हाती आल्याशिवाय आणि रद्द करण्याचा आकार समजल्याशिवाय होकार देऊ नये. मूळ दोघांपैकी एकाच्या जागी दुसरी व्यक्ती नेणे हा निराळा विषय आहे. सर्व मूळ नावे बदलली, तर कंपन्या ते सहसा रद्दीकरणच मानतात.

संपूर्ण रक्कम भरण्याची अंतिम तारीख उलटून गेली असेल, तर वाढीव प्रवाशाचे सर्व पैसे एकरकमी भरावे लागतात आणि त्यानंतर त्याचे येणे रद्द झाल्यास कपातही मोठी असते. जहाज सुटण्याच्या काही दिवस आधी प्रवासी यादी बंदर आणि इमिग्रेशन अधिकाऱ्यांसाठी निश्चित केली जाते. ती बंद झाल्यावर नाव वाढवता येत नाही.

कागदपत्रे

पासपोर्ट प्रवासाच्या तारखेनंतर किमान ६ महिने वैध असावा. आरक्षणातील नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः जुळले पाहिजे, आणि मराठी कुटुंबांची अडचण होते ती याच ठिकाणी. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव बहुधा पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून छापलेले असते; आरक्षण करताना ते गाळले जाते. लग्नानंतरचे आडनाव आधार कार्डावर आणि माहेरचे पासपोर्टवर, असेही असते. आधार कार्डावरून नाव कळवू नये. पासपोर्टची प्रत पाठवावी.

भारतीय नागरिकांना सिंगापूरसाठी व्हिसा लागतो. क्रूझ मलेशियातील पेनांग किंवा थायलंडमधील फुकेतला जाऊन सिंगापूरलाच परतत असेल, तर सिंगापुरात दोनदा प्रवेश होतो. म्हणून व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा असल्याची खात्री करावी. सिंगापूरला पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरायचे ‘एसजी अरायव्हल कार्ड’, म्हणजे आगमनाची ऑनलाइन नोंद, वाढीव प्रवाशासाठीही वेगळे लागते, आणि ते विनामूल्य आहे. मलेशिया आणि थायलंडचे भारतीयांसाठीचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले असल्याने ते प्रवासाच्या तारखेनुसार तपासावेत. मूल आजी-आजोबांबरोबर जात असेल, तर दोन्ही पालकांचे नोटरी केलेले संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत बरोबर असावी. परदेशातील सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा करायचा कर, आकारला जात असल्याने पॅन क्रमांकही द्यावा लागतो.

मुंबई-गोवा अशा देशांतर्गत फेरीसाठी पासपोर्टची गरज नसते, शासकीय छायाचित्र ओळखपत्र पुरते. तीच फेरी लक्षद्वीपला जात असेल, तर मात्र तिथला प्रवेश परवाना आवश्यक असतो आणि वाढीव प्रवाशाचे नाव त्यात वेळेत समाविष्ट व्हावे लागते.

नाव वाढल्यानंतर

सुधारित पुष्टिपत्र मिळताच तिन्ही नावे, केबिन क्रमांक आणि जेवणाच्या टेबलाची वेळ तपासावी. पहिल्या दोघांनी घेतलेल्या किनाऱ्यावरील सहली, इंटरनेट किंवा विमा तिसऱ्याला आपोआप लागू होत नाहीत. मद्याचे पॅकेज घेतले असल्यास अधिक सावध राहावे, कारण काही कंपन्यांत ते एकाने घेतले तर त्या केबिनमधील सर्व प्रौढांना घ्यावे लागते, आणि न पिणाऱ्या आईच्या नावावरही तो खर्च पडू शकतो. अशा वेळी सूट मिळेल का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. शेवटी तिसऱ्या प्रवाशाचे ऑनलाइन चेक-इन स्वतंत्र पूर्ण करून, तिघांनाही बंदरावर येण्याची वेळ एकच मिळाली आहे ना, हे पाहावे.