बाळाच्या हुंकाराला पडदा उत्तर देत नाही

मुलांनी मोबाइल, टीव्ही किती वेळ बघावा हा प्रश्न आईवडील बहुतेक वेळा मिनिटांत विचारतात आणि त्यांना उत्तरही मिनिटांतच मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांचं होईपर्यंत स्क्रीन नकोच. दोन ते चार या वयात दिवसाला फार तर एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. ही मर्यादा पाळावी असंच मलाही वाटतं. पण नुसता मिनिटांचा हिशेब ठेवला, तर मूळ मुद्दा हातून निसटतो. त्या वेळात मुलाच्या दिवसातून काय वजा झालं, हे बघायला हवं.

२००३ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात घरी फक्त इंग्रजी ऐकणारी, नऊ महिन्यांची बाळं होती. हे वय मुद्दाम निवडलेलं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला जगातल्या अनेक भाषांमधले बारीक ध्वनिभेद कळतात. वर्षाचं होता होता कान घरच्या भाषेला सरावतो आणि परक्या भाषेतले भेद पुसट होऊ लागतात. या बाळांसमोर मँडरिन चिनी बोलणारी माणसं येऊन बसली. पुस्तकं दाखवत, खेळणी हलवत त्यांनी १२ बैठकांत बाळांशी गप्पा मारल्या. नंतरच्या चाचणीत ही बाळं मँडरिनमधला एक ध्वनिभेद तैवानमध्ये जन्मापासून ती भाषा ऐकत आलेल्या बाळांइतकाच ओळखू लागली होती. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तीच खेळणी आणि तेच बोलणं तेवढाच वेळ टीव्हीवर दाखवलं गेलं. या गटाचा निकाल मँडरिन कधीच न ऐकलेल्या बाळांएवढाच लागला.

आवाज तोच आणि चित्रही तेच असताना एवढा फरक का पडावा? दहा महिन्यांच्या एखाद्या बाळाकडे जरा निरखून बघा. खिडकीबाहेर पक्षी दिसतो. बाळ बोट दाखवतं, "अँ!" करतं आणि लगेच मान वळवून आईकडे बघतं. आई त्या बोटाच्या दिशेने बघते आणि म्हणते, "हो गं, पक्षी! उडाला बघ." हे सगळं दोन-तीन सेकंदांत घडतं. बाळाचं लक्ष ज्या वस्तूवर आहे, नेमकं त्याच क्षणी तिचं नाव त्याच्या कानावर पडतं. शिवाय आपण काही केलं की समोरचं माणूस प्रतिसाद देतं, हेही त्याला कळतं. दिवसभरात अशा शेकडो छोट्या देवाणघेवाणी होतात आणि भाषा त्यातूनच रुजते. व्हिडिओतला पक्षी मात्र बाळ बघत असो वा नसो, ठरलेल्या वेळीच उडतो.

मग दोष पडद्याचा की उत्तर न मिळण्याचा? याचा छडा लावणारा एक सुंदर प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवायची होती. काहींना प्रत्यक्ष समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर, तर काहींना दुसऱ्या मुलाशी झालेल्या कॉलचं रेकॉर्डिंग दाखवून ती शिकवली. रेकॉर्डिंग बघणारी मुलं शब्द शिकली नाहीत. व्हिडिओ कॉलवरची मुलं मात्र समोर बसलेल्यांसारखीच शिकली. दूरच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या बाळाला म्हणूनच कुणी अडवू नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ च्या सूचनांत दीड वर्षाच्या आतल्या मुलांसाठी व्हिडिओ कॉलचा अपवाद केला आहे.

घरातली ही देवाणघेवाण किती घटते, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून पाहिलं. २२० कुटुंबांतल्या मुलांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर लावून त्यांनी दर सहा महिन्यांनी एक पूर्ण दिवस टिपला. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तीन वर्षांच्या मुलाच्या स्क्रीनच्या प्रत्येक जास्तीच्या मिनिटामागे मोठ्यांचे सरासरी ६.६ शब्द कमी ऐकू आले, मुलाचे स्वतःचे उद्गार ४.९ ने घटले आणि संवादाची एक फेरी बुडाली. एका मिनिटाला हे किरकोळ वाटेल. पण याच वयाची मुलं दिवसाला सरासरी पावणेतीन तासांहून अधिक वेळ स्क्रीनच्या सहवासात होती.

यात कुणीही बघत नसलेला टीव्हीसुद्धा येतो. २००८ मधल्या एका प्रयोगात एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना खेळण्यांसोबत तासभर सोडलं आणि त्यातला अर्धा तास खोलीत मोठ्यांची प्रश्नमंजूषा टीव्हीवर चालू ठेवली. मुलांनी त्याकडे क्षणभराच्या नजरेपलीकडे फारसं बघितलंही नाही, तरी त्यांचा खेळ तुटक झाला. एकाच खेळण्यात रमण्याचा वेळ घटला. ठोकळा हातात घ्यावा, आवाज आला म्हणून मान वर करावी आणि पुन्हा खाली बघेपर्यंत मनात रचलेला मनोरा विसरलेला असावा, असं काहीसं होत असणार. हा टीव्ही बंद करणं हा मला सगळ्यांत सोपा उपाय वाटतो, कारण त्यासाठी मुलाशी भांडावं लागत नाही.

मोठ्यांचा फोनही यातून सुटत नाही. २०१७ च्या एका अभ्यासात आयांनी आपल्या दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवले. एक शब्द शिकवताना मध्येच आईला फोन आला, दुसरा शब्द सलग शिकवला. दोन्ही शब्द तितक्याच वेळा कानावर पडले होते, तरी मुलं सलग शिकवलेलाच शब्द शिकली.

झोप आणि डोळे यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. लहान मुलांच्या डोळ्यांत प्रकाश जास्त शिरतो, त्यामुळे संध्याकाळच्या झगझगीत उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन त्यांच्यात मोठ्यांपेक्षा जास्त दबतं. म्हणून झोपण्यापूर्वीचा तास स्क्रीनपासून जपायचा. डोळ्यांच्या बाबतीत मोकळ्या उजेडात जाणं निर्णायक दिसतं. चीनमधल्या ग्वांगझूत काही शाळांनी पहिलीतल्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर नेलं. तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी (लांबचं अंधुक दिसणं) आली, तर इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. स्क्रीन आणि विकास यांच्या नात्यावरचे बहुतेक अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. ज्या घरात मूल जास्त स्क्रीन बघतं, तिथे आईवडिलांची ओढाताण, पैशांची चणचण आणि मदतीला दुसरं माणूस नसणं हेही असू शकतं, आणि त्याचा परिणाम वेगळा काढणं अवघड असतं. २०२० मध्ये ४७ मुलांच्या मेंदूचे स्कॅन घेऊन झालेल्या एका अभ्यासावरून ‘मोबाइलने मेंदू बिघडतो’ असं बोललं गेलं. एवढ्या थोड्या मुलांच्या एकाच वेळच्या स्कॅनवरून कारण सिद्ध होत नाही, आणि आधीच थकलेल्या पालकांना अशा वाक्यांनी घाबरवणं मला क्रूर वाटतं. वयही बघावं लागतं. तीन वर्षांपुढचं मूल नीट आखलेल्या कार्यक्रमातून अक्षरं, अंक खरोखर शिकू शकतं, आणि शेजारी बसून बोलणारं कुणी असेल तर जास्तच.

रडणाऱ्या मुलाला गप्प करायला फोन देण्याबद्दल मात्र मी सावध आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरच्या एका अभ्यासात, शांत करण्यासाठी वारंवार फोन दिला जाणाऱ्या मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, पुढच्या काही महिन्यांत भावनांचा उद्रेक जास्त दिसला. राग आला की काय करायचं, हे मूल कुणाच्या तरी कुशीत, "खेळणं मोडलं म्हणून राग आला ना?" असं ऐकत शिकतं. ते शिकायची संधी फोनमुळे हुकते. संबंध दिसला तो वारंवारतेशी. त्यामुळे लांबच्या प्रवासात किंवा दवाखान्यात सुई टोचताना फोन दाखवला, तर कुणी स्वतःला अपराधी समजू नये. रोजच्या रडण्यात मात्र पाच मिनिटं थांबून पाहावं. पहिले काही दिवस आरडाओरडा वाढेल, त्याची तयारी ठेवावी, आणि घरातल्या सगळ्यांनी आधीच ठरवून घ्यावं, नाहीतर एकजण थांबतो आणि दुसरा फोन काढतो.