चिपाड संपतं तेव्हा उन्हाळा सुरू होतो

कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला चिपाड म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. गाळप हंगामात कारखान्याच्या आवारात रस काढलेल्या उसाच्या या चोथ्याचा डोंगर साचतो, त्यातून बॉयलर पेटतो, वाफेवर कारखाना चालतो आणि उरलेली वीज महावितरणला विकली जाते. हाच उद्योग मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून दूर, हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर आपल्या कितीतरी आधी सुरू झाला. तिथल्या सेंट आंत्वान साखर कारखान्याने १९५७ मध्येच चिपाडापासून केलेली वीज सरकारी वीज मंडळाला विकली. १८३४ नंतर करारावर तिथे गेलेल्या मजुरांमध्ये रत्नागिरी-सावंतवाडीकडची मराठी माणसंही होती. त्यांच्या पतवंडांच्या घरात आज जो दिवा लागतो, त्याचा थोडा उजेड अजूनही उसातून येतो.

थोडाच. कारण या देशाची जवळपास ८० टक्के वीज आयात केलेल्या कोळशावर आणि जड इंधन तेलावर होते. २०३० पर्यंत ६० टक्के वीज अक्षय स्रोतांतून घ्यायची आणि कोळसा पूर्ण थांबवायचा, असं सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलं. पण अक्षय ऊर्जेचा वाटा २०२० मध्ये २४ टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२३ मध्ये १८ च्या जवळ आला. २०२० मध्ये कोविडमुळे एकूण मागणीच घटली होती, त्यामुळे तो आकडा थोडा फुगलेला होता हे मान्य. तरीही लक्ष्य वरच्या दिशेला आणि प्रवास खालच्या दिशेला, असं का व्हावं? ऊन भरपूर, आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे जवळपास बारमाही, शिकलेले लोक, स्थिर सरकार. आळस किंवा अज्ञान हे उत्तर इथे लागू पडत नाही.

सुरुवात जमिनीखालून करू. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्तबिंदूने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण ओतला, त्याच तप्तबिंदूवर नंतर, गेल्या ऐंशी-नव्वद लाख वर्षांत, मॉरिशस उभं राहिलं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे सह्याद्री आणि ते बेट नात्यातले. पण नुसत्या ज्वालामुखीच्या खडकात कोळसा सापडत नाही, तेलही नाही. नद्या आखूड, त्यांच्यावरची जलविद्युत केंद्रं सगळी मिळून ६० मेगावॉटची, आणि नव्या मोठ्या धरणाला फारशी जागा उरलेली नाही. म्हणून ऊस, आणि उसाच्या जोडीला बोटीने येणारा कोळसा.

जोडीला हा शब्द मुद्दाम वापरला. एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो चिपाड निघतं. त्यात निम्मं पाणी, म्हणून त्याची उष्णता चांगल्या कोळशाच्या एक तृतीयांशाच्या आसपास. जुन्या कमी दाबाच्या बॉयलरात त्यातून जेमतेम कारखान्यापुरती वीज व्हायची. मॉरिशसने ८२ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ८२ पट, दाबाचे बॉयलर बसवले. वाफ जितकी जास्त दाबाची आणि तापलेली, तितकी तिच्यातली जास्त ऊर्जा टर्बाइनला मिळते. एका टन उसामागे १०० युनिटहून जास्त वीज निघू लागली. पण इतकं महाग यंत्र वर्षातून सहाच महिने चालवणं कुणाला परवडेल? म्हणून जून-जुलैपासून डिसेंबरपर्यंत चिपाड आणि उरलेले महिने कोळसा, असं ठरलं. बॉयलर तोच, टर्बाइन तेच, वीज खरेदीचा दीर्घ मुदतीचा करारही तोच.

बाहेरून पाहणाऱ्यांच्या लक्षात हे येत नाही. ‘कोळसा बंद करा’ म्हणणं सोपं आहे, पण इथे कोळशाचं केंद्र आणि चिपाडाचं केंद्र अशी दोन वेगळी घरं नाहीत. कोळसा काढला तर अर्धं वर्ष त्या भट्टीत काय घालायचं, हा प्रश्न लगेच उभा राहतो. आणि गैरसोय अशी की दक्षिण गोलार्धातल्या या बेटावर उन्हाळ्याचा कडाका जानेवारी-मार्चमध्ये असतो. घरोघरी आणि हॉटेलांत वातानुकूलन यंत्रं सुरू होतात, मागणी वर्षातल्या सर्वांत उंच टोकाला जाते, आणि नेमकं त्याच वेळी चिपाडाचे ढीग संपलेले असतात.

त्यात ऊसच कमी होतोय. युरोपने १९७५ च्या करारानुसार मॉरिशसच्या साखरेला अनेक वर्षं चढा, खात्रीचा भाव दिला होता. २००६ ते २००९ या काळात तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवण्यात आला आणि करारही संपला. १९७३ मध्ये सात लाख टन साखर करणारा देश आज अडीच लाखांच्या आत आहे. एकेकाळी वीसच्या वर असलेले कारखाने आता तीनच उरलेत. छोटा शेतकरी ऊस सोडतोय: मजुरी वाढली, मुलं कार्यालयांत आणि पर्यटनात गेली, दगडांनी भरलेलं रान यंत्राने तोडणीसाठी साफ करायला पैसा लागतो. ब्रसेल्समध्ये साखरेचा भाव ठरला आणि त्याचा परिणाम मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या विजेच्या तारेत दिसला. २०२१ पासून चिपाडाचा मोबदला वाढवून शेतकऱ्याला धरून ठेवायचा प्रयत्न झाला. माझ्या मते तो वीस वर्षं आधी व्हायला हवा होता.

मग सौर ऊर्जा का नाही? आहे. पश्चिमेकडच्या कोरड्या बांबू गावाजवळ २०१४ पासून १५ मेगावॉटचं केंद्र चालू आहे, छपरांवरही पॅनेल वाढताहेत. इथे खरी अडचण वीज तयार करण्याची नसून ती सांभाळण्याची आहे.

विजेच्या जाळ्यात प्रत्येक क्षणी जितकी मागणी तितकीच निर्मिती लागते. तोल बिघडला की वारंवारता, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, हलू लागते. औष्णिक केंद्रातली शेकडो टनांची फिरती यंत्रं अशा वेळी जात्यासारखं काम करतात: हात सुटला तरी जड जातं चटकन थांबत नाही, थोडा वेळ फिरत राहतं. तेवढ्या वेळात दुसरं केंद्र जोर वाढवतं. सौर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नाही. जातं जितकं हलकं, तितकी वारंवारता झपाट्याने कोसळते.

आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं, तेव्हापासून भारत हे एकच प्रचंड जातं आहे. मे २०२४ मध्ये देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटपर्यंत गेली होती. मॉरिशसची कमाल मागणी पाचशे-साडेपाचशे मेगावॉट. कोराडीचा ६६० मेगावॉटचा एकच संच त्या अख्ख्या देशाला पुरून उरेल. तिथे समजा ४० मेगावॉटचा एक संच अचानक बंद पडला, तर देशाची आठ टक्के वीज गेली. भारतात त्या प्रमाणात २० हजार मेगावॉट एका क्षणात जावे लागतील. आणि राजस्थानवर ढग आला तर तमिळनाडूत ऊन असतं. ६५ किलोमीटर लांबीच्या बेटावर ढगांचा एकच पट्टा बहुतेक पॅनेलांना गाठू शकतो. शेजाऱ्याकडून वीज उसनी घ्यायची सोय नाही, कारण सभोवती समुद्र आहे.

यावरचा उपाय म्हणजे बॅटरी, आणि मॉरिशसने तो लवकर हाती घेतला. आंरिएता, आमोरी अशा ठिकाणच्या उपकेंद्रांजवळ बसवलेल्या बॅटऱ्या २०२१ पर्यंत एकूण १८ मेगावॉटच्या झाल्या. त्या सेकंदाच्या आत प्रतिसाद देतात, म्हणजे जात्याची उणीव भरून काढतात. पण ढग सरकेपर्यंत तोल राखणं वेगळं आणि संध्याकाळी सातनंतर घरं उजळत ठेवणं वेगळं. दुसऱ्या कामाला कितीतरी मोठ्या बॅटऱ्या लागतात, आणि तिथे पैशाचा प्रश्न येतो.

कोळशाचे पैसे बोट येईल तसे द्यायचे असतात. सौर ऊर्जा म्हणजे पंचवीस वर्षांचं इंधन पहिल्याच दिवशी विकत घेणं. त्यामुळे सगळं गणित कर्जाच्या व्याजावर ठरतं. २०२० मध्ये पर्यटन बंद पडलेल्या, कर्जाने वाकलेल्या छोट्या देशाला ते व्याज मोठ्या देशांपेक्षा जड जातं. शिवाय पंधरा-वीस मेगावॉटची निविदा काढली की मोठे पुरवठादार फारसा उत्साह दाखवत नाहीत. क्रेनपासून तज्ज्ञापर्यंत सगळं समुद्रापलीकडून आणायचं असतं.

आणि चक्रीवादळं. ईशान्येला प्लेन दे रोश इथे २०१६ पासून ११ पवनचक्क्या उभ्या आहेत, मिळून साडेनऊ मेगावॉटच्याही आत. वादळी वारे झेलणारी यंत्रं महाग पडतात, विमाही चढा. मॉरिशसचंच, पण साडेपाचशे किलोमीटरवरचं आणि स्वतःचं वेगळं वीज जाळं असलेलं रॉद्रिग्ज हे बेट यातून एक छान वाट काढून बसलंय. तिथल्या ग्रेनाद इथल्या २७५ किलोवॉटच्या दोन पात्यांच्या पवनचक्क्या तारांनी ताणून उभ्या केल्या आहेत. वादळाचा इशारा आला की तारा सैल करून अख्खा मनोरा जमिनीवर आडवा झोपवतात, वादळ गेलं की पुन्हा उभा करतात. यंत्र लहान म्हणून हे जमतं. शंभर मीटर उंचीच्या चक्कीला असं निजवता येत नाही.

सध्या तिथे सौर पॅनेल आणि बॅटरी एकत्र असलेल्या केंद्रांचे करार होताहेत, उसाचं पाचट गोळा करून जाळणं आणि कोळशाऐवजी लाकडाचे तुकडे वापरणं यांवरही काम चाललंय. पाचटाने हंगाम थोडा लांबेल. लाकूड मोठ्या प्रमाणावर लागलं, तर तेही बोटीनेच आणावं लागेल, आणि आयातीवरचं अवलंबन तिथल्या तिथे राहील. मला जास्त भरवसा वाटतो तो बॅटरीचा, कारण जानेवारी ते मार्चच्या दुपारी, चिपाड नसतं आणि मागणी सर्वांत जास्त असते तेव्हा, बांबू गावाच्या माळावर ऊन असतं. ते संध्याकाळपर्यंत पोचवणाऱ्या बॅटऱ्या किती व्याजाच्या कर्जावर उभ्या राहतात, यावर पुढच्या उन्हाळ्यांत बंदरात कोळशाच्या किती बोटी लागतील ते ठरणार आहे.