कर्बशेती : सातारा-सांगली परिसर

पिकाने हवेतून घेतलेला कर्ब मुळे, पाचट (उसाचा वाळलेला पाला), पालापाचोळा आणि शेणखताच्या रूपाने मातीत परत घालायचा आणि होता होईल तितकी वर्षे तिथेच राखायचा, अशा शेतीपद्धतींना मिळून कर्बशेती म्हणतात. ‘कार्बन शेती’ हे नावही चालते. माती परीक्षणाच्या अहवालात सामूच्या (पीएच) शेजारी जो ‘सेंद्रिय कर्ब’ टक्क्यांत छापलेला असतो, तोच या शेतीचा मापदंड. महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळा ०.४० पर्यंतचा कर्ब कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम आणि ०.८० च्या वरचा भरपूर मानतात. या आकड्याला १.७२४ ने गुणले की मातीतल्या एकूण सेंद्रिय पदार्थाचा अंदाज मिळतो.

अलीकडे हा विषय गावात पोहोचतो तो बहुधा ‘कार्बन क्रेडिटचे पैसे मिळणार’ अशा बोलण्यातून. क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून राखलेल्या एक टन कार्बन डायऑक्साइडचे विकता येणारे प्रमाणपत्र. त्याची बाजारपेठ खरी आहे, पण शेतकऱ्याचा मोठा फायदा तिथे नाही. तो मातीत आहे, पाण्याच्या पाळीत आहे आणि खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाच्या, वजनात आहे. हा क्रम उलटा धरला तर हिशेब चुकतो.

या दोन जिल्ह्यांत जमिनीची आणि पावसाची जितकी तऱ्हा आहे तितकी क्वचित दिसते. महाबळेश्वरच्या तांबड्या जमिनीवर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत जेमतेम पाचशेच्या आसपास. कराड, वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत कृष्णाकाठची मळीची आणि खोल काळी जमीन आहे, तर माणदेशात मुरमाड माळ. काळ्या जमिनीतली चिकणमाती कर्बाला आपल्या कणांत धरून ठेवते, त्यामुळे तिथे घातलेला पाला लवकर वाया जात नाही. मुरमाड जमिनीत हवा आणि ऊन खेळते, सेंद्रिय पदार्थ भराभर कुजतो आणि दरवर्षी नव्याने भर घालावी लागते. म्हणून आटपाडीच्या डाळिंबबागेने वाळव्याच्या उसाशी आकड्यांची बरोबरी करू नये.

आपल्या जमिनीची ताकद किती, हे पाहण्याची जागा प्रत्येकाच्या शेतातच असते : बांध. बांधावर नांगर फिरत नाही, गवताची मुळे बारमाही जिवंत असतात आणि पाला तिथेच कुजतो. बांधावरचे सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ आणि उसाच्या सरीतले तसेच ढेकूळ, दोन काचेच्या ग्लासांत पाण्यात अलगद सोडावे. सरीतले ढेकूळ बुडबुडे सोडत काही मिनिटांत फसकन विस्कटते, पाणी गढूळ होते आणि तळाशी चिखलाचा थर बसतो. बांधावरचे ढेकूळ बराच वेळ आकार धरून राहते, पाणी जवळजवळ नितळ राहते, मुळांचे बारीक तंतू कडेने लोंबताना दिसतात. जमीन एकच, पाऊस एकच, खडकही तोच. फरक पडला तो नांगरटीने आणि काडीपेटीने. कर्बशेतीत गाठायचे लक्ष्य कुठल्या परदेशी आलेखात शोधण्यापेक्षा बांधावरच्या मातीचा नमुना वेगळा तपासून घ्यावा. त्या जमिनीत कर्ब कुठवर जाऊ शकतो हे तोच अहवाल सांगतो.

कर्ब कशाने जातो

उष्ण हवामानात मातीतले जिवाणू जोमाने काम करतात, त्यामुळे सेंद्रिय पदार्थ थंड देशांपेक्षा इथे झपाट्याने संपतो. त्यात खोल नांगरट, रोटाव्हेटरच्या पाळ्यांवर पाळ्या, मोकाट पाणी आणि शेणखताची टंचाई यांची भर पडते. ट्रॅक्टर आल्यापासून गोठे रिकामे झाले आणि उकिरडेही आटले. नांगरट केली की मातीच्या कणांत बंदिस्त असलेला कर्ब उघडा पडतो, जिवाणू तो खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. नांगरटीनंतर पहिले पीक जोमदार दिसते त्यात याचाही वाटा असतो. कुजण्यातून मोकळे झालेले नत्र त्या पिकाला मिळालेले असते, म्हणजे साठवलेल्या भांडवलातून केलेला तो खर्च आहे.

पाचट

सातारा-सांगलीच्या बागायती पट्ट्यात कर्बशेतीचा सगळ्यात मोठा आणि फुकटचा कच्चा माल म्हणजे उसाचे पाचट. एकरी साधारण तीन ते पाच टन पाचट तोडणीनंतर रानात पडते. वाडे (उसाचा हिरवा शेंडा) जनावरांना जाते, पाचट मागे राहते आणि बहुतेक ठिकाणी रात्री पेटवले जाते. कारणे सांगितली जातात ती खोटी नाहीत : पाणी सरीत नीट चालत नाही, उंदीर होतात, आंतरमशागतीला अडथळा येतो, शेजाऱ्याचे पेटले की आपलेही पेटतेच. पण चार टन पाचटात सुमारे दीड टन कर्ब, सोळा ते वीस किलो नत्र आणि तीसएक किलो पालाश असते. आगीत कर्ब आणि नत्र जवळजवळ पूर्ण जाते. पालाश राखेत उरते, तेही वाऱ्याने नाहीतर पहिल्या पाण्याने निघून जाते. शिवाय मातीच्या वरच्या दोन बोटांतले जिवाणू आणि गांडुळांची अंडी भाजतात.

पाचट राखायचे तर तोडणीनंतरचे काही दिवस महत्त्वाचे. पाचट सरीत ओढून घ्यायचे, बुडखे मोकळे करायचे आणि जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटायचे, म्हणजे फुटवे जमिनीखालून एकसारखे येतात. मग प्रति टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणूखत शेणकाल्यात मिसळून टाकायचे आणि पाणी द्यायचे. युरिया कशासाठी, हा प्रश्न नेहमी येतो. पाचटात कर्बाच्या मानाने नत्र फारच कमी असते, शंभराला एक असे काहीसे प्रमाण. जिवाणूंच्या अंगात मात्र ते दहाला एक असे असते. त्यांना पाचट खायचे तर नत्र बाहेरून लागते, आणि आपण दिले नाही तर ते जमिनीतले ओढतात. खोडवा सुरुवातीला पिवळा पडतो तो यामुळे, आणि ‘पाचट ठेवले म्हणून ऊस बसला’ हा समज इथूनच पसरला.

पाचटावर खत फेकून चालत नाही, ते पाचटावरच राहते. त्यासाठी पहार वापरतात. बुडख्यापासून वीतभर अंतरावर तितकेच खोल छिद्र घ्यायचे, त्यात खताची मूठ सोडायची आणि पायाने दाबून पुढच्या छिद्रासाठी फूटभर सरकायचे. एका बाजूला पहिला हप्ता, काही महिन्यांनी दुसऱ्या बाजूला दुसरा. काम कंटाळवाणे आहे, मजूर कुरकुरतात, पण खत थेट मुळाशी जाते आणि उडून जाणारे नत्र वाचते. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने खोडव्यासाठी पाचट आच्छादनाची अशी शिफारस केलेली आहे. ‘को ८६०३२’ ही या भागात सर्वदूर पसरलेली उसाची जात मात्र मूळची कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेची.

पाचटाखाली हात घालून पाहावा. उन्हाळ्यात दुपारी उघडी सरी पावलाला चटके देते आणि पाचटाखालची माती ओलसर, गार असते. बोटाने उकरली तर पांढरी मुळे वरच्या थरात आलेली दिसतात. पाण्याच्या दोन पाळ्यांमधले अंतर वाढते, तण दबते आणि खुरपणी वाचते. हा फायदा पहिल्याच वर्षी मिळतो, त्यासाठी कर्बाचा आकडा वाढण्याची वाट पाहावी लागत नाही.

इतर वाटा

कोरडवाहू भागात पाचट नाही, पण मेंढ्या आहेत. माण, खटाव, आटपाडी, जत इथले धनगर कळप घेऊन फिरतात आणि रिकाम्या रानात मेंढ्या बसवण्याची चाल जुनी आहे. संध्याकाळी वाघर (जाळीचे कुंपण) लावून कळप एका तुकड्यात कोंडतात, दुसऱ्या रात्री शेजारच्या तुकड्यात. लेंडी आणि मूत दोन्ही जागच्या जागी पडते, खताची वाहतूक नाही की पसरण्याची मजुरी नाही. मोबदला धान्यात किंवा रोखीत ठरतो. कळप हलल्यावर रान लगेच हलके कुळवून घ्यावे, नाहीतर अमोनियाचा वास नाकाला येतो, म्हणजे तितके नत्र रानातून उडून जात असते. कर्बशेतीच्या चर्चेत या लोकांचे नाव येत नाही, ही मोठी उणीव आहे. माळरानाच्या मातीला पिढ्यान् पिढ्या जे मिळाले ते यांच्यामुळे.

ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास, साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी गाडणे हा दुसरा मार्ग. यात नत्र चांगले मिळते, पण कोवळा पाला लवकर कुजतो, त्यामुळे टिकाऊ कर्ब त्यातून थोडाच उरतो. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांत छाटणीच्या काड्या पेटवण्याऐवजी त्यांचा भुगा करून वेलीखाली पसरता येतो. कोरेगाव भागात घेवड्यासारखे कडधान्य फेरपालटीत असणे हीही मातीची कमाईच. लाकूडफाटा कमी हवेत जाळून केलेला बायोचार शेकडो वर्षे टिकतो, पण त्याच्या भट्टीचा आणि मजुरीचा खर्च एकट्याला परवडत नाही.

क्षारपड आणि चिबड जमिनीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. कृष्णाकाठी अतिपाण्याने बिघडलेल्या रानात नुसते सेंद्रिय खत ओतून उपयोग नाही. आधी पाण्याचा निचरा हवा, चर काढून किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून. चोपण (सोडियम साठलेल्या) जमिनीत निचऱ्याबरोबर जिप्समही लागते. अशा रानात वाळल्यावर वर काळपट, तेलकट साय दिसते. ती सुपीकता नव्हे. सोडियममुळे विरघळून वर आलेला सेंद्रिय पदार्थच तो. निचरा झाल्यावर मात्र धैंचा आणि कंपोस्ट यांनी जमीन लवकर सावरते.

हिशेब

एक एकर रानात वरच्या पंधरा सेंटिमीटर थराची माती सुमारे ८ लाख किलो भरते. कर्ब ०.५० वरून ०.६० झाला म्हणजे एकरात ८०० किलो कर्ब नव्याने साठला. कर्बाचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करताना ३.६७ ने गुणतात, म्हणजे हा सुमारे २.९ टन वायू झाला. एका टनाला एक क्रेडिट, म्हणून जास्तीत जास्त तीन क्रेडिटे. पण हे एका वर्षात होत नाही. चार टन पाचटातल्या दीड टन कर्बापैकी बहुतेक भाग कुजताना हवेत परत जातो, दहा-पंधरा टक्के मातीत मुरतो, आणि आधीचा साठाही थोडाथोडा झिजत असतो. तेव्हा ०.१० ची वाढ पाच ते आठ वर्षांचे काम धरावे.

क्रेडिटला हजार रुपये भाव धरून पाहिले, तर एकरी वर्षाला पाचशेच्या आसपास येतात, आणि त्यातून नमुने, पडताळणी आणि कंपनीचा वाटा वजा व्हायचा असतो. याच्या तुलनेत २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के साखर उताऱ्याला उसाची एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) टनाला ३,४०० रुपये होती. तोडणी-वाहतूक वजा करूनही, खोडव्यात एकरी एक टन जरी वाढला तरी तो क्रेडिटपेक्षा कितीतरी अधिक देतो. साठलेल्या ८०० किलो कर्बाबरोबर पासष्टएक किलो नत्रही मातीत बांधले जाते आणि ते पिकाला हळूहळू सुटत राहते, ते वेगळेच.

क्रेडिटचा करार

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली आणि जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा जाहीर केला. क्रेडिट मिळण्याच्या मुख्य अटी दोन. केलेला बदल नवा असला पाहिजे, आणि साठवलेला कर्ब पुढे टिकला पाहिजे. यातली पहिली अट प्रामाणिक शेतकऱ्यावर अन्याय करते. जो वीस वर्षे पाचट राखतो त्याला काही नाही आणि काल पेटवणाऱ्याला पैसे. नियमामागचे तर्कशास्त्र कळते, पण गावात हे पटवून देणे अवघड जाते.

एक-दोन एकरांचा खातेदार एकटा या बाजारात उतरू शकत नाही. शेकडो जणांची मोट बांधावी लागते. इथे साखर कारखान्यांची व्यवस्था उपयोगी पडण्यासारखी आहे. गट कार्यालयात प्रत्येक गटनंबरची ऊसनोंद, लागणीची तारीख, जात आणि खोडव्याची माहिती आधीच असते, आणि चिटबॉय (कारखान्याचा ऊसनोंदीचा कर्मचारी) रानोमाळ फिरतच असतो. पाचट राखले की पेटवले, हा एक रकाना त्यात वाढवला तर पडताळणीचा बराच खर्च वाचेल. शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही हे करता येईल.

करारावर सही करण्यापूर्वी तो मराठीत वाचायला मिळाला पाहिजे. मुदत किती वर्षांची, विक्रीतला वाटा किती, मधेच नांगरट केली किंवा जमीन विकली तर भरपाई कोणी द्यायची, सातबाऱ्यावर सामाईक नावे असतील तर पैसे कोणाला, वाट्याने कसणाऱ्याचे काय, हे प्रश्न तोंडी उत्तरावर सोडू नयेत.

मोजणी

पेरणीआधी, खत टाकण्यापूर्वी, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खोल खड्डे घ्यावेत आणि कडेची माती एकत्र करून अर्धा किलो नमुना काढावा. बांध, उकिरड्याची जागा आणि झाडाखालची माती त्यात मिसळू नये. प्रयोगशाळेत १९३४ पासून रूढ असलेल्या वॉकले-ब्लॅक पद्धतीने, डायक्रोमेट हे रसायन वापरून सेंद्रिय कर्ब काढतात. खानापूर, कवठेमहांकाळकडच्या चुनखडीच्या जमिनींत मात्र जपावे लागते. तिथे यंत्राने एकूण कर्ब मोजला तर चुनखडीतला कर्बही त्यात येतो आणि आकडा फुगतो. अहवालात ‘सेंद्रिय’ हा शब्द आहे ना, ते पाहून घ्यावे. क्रेडिटसाठी मातीची घनताही मोजावी लागते, कारण माती भुसभुशीत झाली की तेवढ्याच खोलीत तिचे वजन कमी भरते. पुढचा नमुना तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच तुकड्यातून आणि त्याच प्रयोगशाळेत द्यावा, आणि जुना अहवाल सातबाऱ्याच्या फायलीतच लावून ठेवावा.