वाघेरी चढला म्हणून हिमालय सोपा ठरत नाही

जो भर पावसात सत्तरी तालुक्यातला वाघेरीचा डोंगर न थांबता चढतो, त्याला हिमालयातला ‘मध्यम’ श्रेणीचा ट्रेक जड जाणार नाही, असे गोव्यातले भटके वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत आले आहेत; ते खरे नाही. वाघेरीवर पायांचा आणि दमाचा कस लागतो, विरळ हवेशी मात्र तिथे गाठ पडत नाही. उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि गोव्यातले एकही शिखर त्याच्या जवळपास पोहोचत नाही. हा त्रास कोणाला होईल हे तंदुरुस्तीवरून ठरत नाही. उलट चपळ माणूसच घाईने वर जातो आणि संध्याकाळी तंबूत ठणकते डोके धरून, समोरचा वरणभात नकोसा होऊन बसतो. दाबोळीहून निघून विमानाने सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या लेहला उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्यावी, आणि ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये. ‘सोपा’, ‘मध्यम’ हे शिक्के प्रत्येक आयोजक आपापल्या अंदाजाने मारतो (काही जण गिऱ्हाईक बघूनही), म्हणून मुक्कामांची उंची, रोजची चाल आणि आजारी माणसाला खाली उतरवण्याची सोय विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.