बाईचा आवाज रेकॉर्डिंग बिघडवतो म्हणे? अजिबात नाही!

कित्येक वर्षं ऐकतोय, की सिम्फॉनिक मेटलमध्ये, म्हणजे ऑर्केस्ट्राची जोड दिलेल्या हेवी मेटलमध्ये, गायिका असली की अल्बमचा साउंड गिचमिड होतो कारण बायकांचा उंच आवाज नीट रेकॉर्डच होत नाही. हे साफ चुकीचं आहे. सोप्रानोचा, म्हणजे सगळ्यात उंच बायकी आवाजाचा, वरचा सूर 'हाय सी' साधारण १०४७ हर्ट्झला असतो, आणि सीडी २०,००० हर्ट्झपर्यंत आरामात जाते, त्यामुळे उंचीचा प्रश्नच येत नाही.

खरी मारामारी होते २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. आवाजाची धार आणि शब्दांची स्पष्टता तिथे, डिस्टॉर्शनवाल्या, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या, गिटारीही तिथेच, व्हायोलिनं तिथे, वर कॉयर म्हणजे समूहगायन, सगळे एकाच दारातून घुसतायत. मग मास्टरिंगला, म्हणजे अल्बमवरचा शेवटचा हात फिरवताना, सगळं लाउड करायचं म्हणून लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) दाबतात आणि ड्रमचा ठोका चपटा होतो, गायिका गिटारीच्या मागे गेल्यासारखी वाटते. यात तिचा काय दोष?

नाईटविश या फिनलंडच्या सिम्फॉनिक मेटल बँडचा २०१५चा अल्बम 'एंडलेस फॉर्म्स मोस्ट ब्यूटिफुल' घ्या, त्याच्या मोठ्या एडिशनमध्ये नुसत्या ऑर्केस्ट्राची वेगळी डिस्क होती. ती हेडफोनवर ऐका आणि लगेच तेच गाणं फुल मिक्समध्ये, म्हणजे सगळी वाद्यं आणि आवाज एकत्र असलेलं, लावा. जी व्हायोलिनं मगाशी लख्ख ऐकू येत होती ती गिटारी आल्या की धूसर होतात, गायिका अजून तोंड उघडायच्या आधीच! मला तर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार वाईट वाटलं, इतकं सुंदर वाजवलेलं सगळं खाली गाडलं गेलं होतं.