सामाईक सुविधा केंद्र (औद्योगिक समूह)

एकाच परिसरात एकाच प्रकारचा माल तयार करणाऱ्या लहान कारखान्यांना काही यंत्रे, चाचणी प्रयोगशाळा किंवा प्रक्रिया विभाग एकेकट्याने उभारणे परवडत नाही. शासनाच्या अनुदानातून अशी सुविधा एकत्रितपणे उभारली जाते आणि कारखानदार ठरलेला दर मोजून ती वापरतात, तेव्हा तिला सामाईक सुविधा केंद्र म्हणतात. औद्योगिक वसाहतींत ‘सीएफसी’ (कॉमन फॅसिलिटी सेंटर) हेच नाव चालते. करपरतावा, व्याज सवलत, स्वस्त भूखंड ही प्रादेशिक विकासाची साधने एकेका कारखान्याच्या पदरात पडतात. सामाईक केंद्र मात्र गटाला मिळते, आणि त्याची बहुतेक दुखणीही गटाचीच असतात.

पार्श्वभूमी

एका धंद्याचे कारखाने एका गावात दाटीने वसले की कारागीर, सुटे भाग पुरवणारे आणि धंद्यातले ज्ञान तिथेच साठत जाते, हे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी इंग्लंडमधील शेफील्डसारख्या गावांच्या आधारे १८९० मध्ये मांडले. भारतात मात्र बराच काळ लघुउद्योगांना आधार म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या उत्पादनांची यादी. आबिद हुसेन समितीने १९९७ मध्ये हे आरक्षण काढून टाकावे आणि उद्योगांना समूह म्हणून बळ द्यावे असे सुचवले. यादी टप्प्याटप्प्याने आटत गेली. शेवटची २० उत्पादने २०१५ मध्ये वगळली गेली. समूहांसाठीची केंद्रीय योजना २००३ मध्ये आकाराला आली आणि २००७ पासून ती ‘सूक्ष्म व लघु उपक्रम समूह विकास कार्यक्रम’ या नावाने चालते.

महाराष्ट्रात औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ मध्ये सुरू झाली. या योजनेत तालुक्यांचे मागासलेपणानुसार गट पाडले जातात. मुंबई-पुण्याच्या विकसित पट्ट्याला सर्वांत कमी आणि ड, ड+ गटांतील तालुक्यांना जास्त सवलती मिळतात. योजनेच्या नावातला ‘सामूहिक’ हा शब्द सवलतींच्या एकत्रित संचासाठी आहे. कारखान्यांच्या समूहाशी तिचा संबंध नाही. नवे उद्योजक ही योजना आणि केंद्रीय समूह विकास कार्यक्रम यांची गल्लत हमखास करतात. सामाईक सुविधांना खरी चालना मिळाली ती २००३ च्या केंद्रीय औद्योगिक पायाभूत सुविधा उन्नतीकरण योजनेतून. तीत खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, कमाल ५० कोटी रुपये केंद्र सरकार देत असे. पुण्याचा व मराठवाड्याचा ऑटो क्लस्टर (वाहन उद्योगाचा समूह), नाशिकचा अभियांत्रिकी, इचलकरंजीचा वस्त्रोद्योग आणि कोल्हापूरचा फाउंड्री (धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचा) समूह हे या योजनेतले.

अनुदानाचे गणित

केंद्रीय कार्यक्रमाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५ ते १० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला ७० टक्के आणि १० ते ३० कोटींच्या प्रकल्पाला ६० टक्के केंद्रीय अनुदान मिळते. ईशान्येकडील व डोंगराळ राज्ये, बेटे आणि आकांक्षित (केंद्र सरकारने निवडलेले मागास) जिल्हे यांसाठी हेच प्रमाण अनुक्रमे ८० व ७० टक्के आहे. उरलेली रक्कम राज्य शासन, सभासद आणि गरज पडल्यास बँकेचे कर्ज यांतून उभी राहते.

या दोन टप्प्यांच्या सीमेवर एक खाचखळगा आहे. प्रकल्प १० कोटींचा असेल तर केंद्र सरकारचे ७ कोटी येतात आणि बाकीचे ३ कोटी उभे करायचे असतात. कोणी हौसेने आणखी एक यंत्र घालून तोच प्रकल्प ११ कोटींवर नेला, की अनुदान ६.६ कोटींवर येते आणि उभारायची रक्कम ४.४ कोटी होते. म्हणजे एक कोटीच्या यंत्रासाठी पदरचे १.४ कोटी जातात. खर्च साधारण ११.६७ कोटींवर पोहोचेपर्यंत अनुदान पुन्हा ७ कोटींची बरोबरी करत नाही. त्यामुळे प्रकल्प एक तर दहाच्या आत ठेवावा, नाही तर मोठ्या आकाराला भक्कम कारण असावे.

जमीन व इमारतीचा खर्च एकूण प्रकल्पाच्या २५ टक्क्यांपर्यंतच धरला जातो. पैसा यंत्रांत जावा, भिंतींत नव्हे, असा त्यामागचा विचार. खेळत्या भांडवलाची तजवीज मात्र मुख्यतः सभासदांनाच करावी लागते. पुढे बंद पडणाऱ्या केंद्रांपैकी कितीतरी याच ठिकाणी अडखळतात: यंत्र शासनाने दिले, पण पहिल्या सहा महिन्यांचे पगार, वीजबिल आणि कच्चा माल कोणी द्यायचा, हे अहवालात कुणी लिहिलेलेच नसते.

उभारणीचा क्रम

पहिली पायरी निदान अहवालाची. जिल्हा उद्योग केंद्राच्या मदतीने समूहातील कारखान्यांची पाहणी होते: कोणती प्रक्रिया बाहेरगावी पाठवावी लागते, त्यासाठी महिन्याला किती पैसे व दिवस जातात, माल कुठे आणि का नापास होतो. मग केंद्र उभारून चालवण्यासाठी सभासद कारखान्यांची विशेष हेतू संस्था (बोलण्यात ‘एसपीव्ही’) नोंदवली जाते. बहुतेक ठिकाणी ती खासगी मर्यादित किंवा कलम ८ खालील (ना-नफा) कंपनी असते. सहकारी संस्थाही चालते. किमान २० कारखाने सभासद हवेत आणि कोणा एकाचा हिस्सा १० टक्क्यांहून जास्त नको. त्यानंतर सविस्तर प्रकल्प अहवाल, त्याची वित्तीय छाननी, राज्याची शिफारस आणि दिल्लीतील सुकाणू समितीची तत्त्वतः मंजुरी. जागा ताब्यात आली, सभासदांचा हिस्सा बँकेत जमा झाला, कर्जमंजुरीचे पत्र आले, की अंतिम मंजुरी मिळते आणि केंद्र सरकार, राज्य व एसपीव्ही यांच्यात त्रिपक्षीय करार होतो. यंत्रांची खरेदी निविदेनेच करावी लागते. अनुदान हप्त्यांनी येते; आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही.

अहवालात दोन आकडे कसून तपासले जातात. ना नफा ना तोटा बिंदू स्थापित क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या आत असावा, आणि किमान ६० टक्के क्षमता आपण वापरू असे सभासदांनी लेखी द्यावे. हे लेखी हमीपत्र बहुधा एका बैठकीत सगळ्यांच्या सह्या घेऊन उरकले जाते. त्यापेक्षा प्रत्येक सभासदाची मागच्या वर्षभराची बाहेरच्या जॉबवर्कची (दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कामाची) बिले गोळा करावीत. बिले जितक्या कामाची असतील तितकेच काम केंद्राला मिळेल असे धरावे. ‘सोय झाली तर आणखी काम देऊ’ हे आश्वासन क्षमतेच्या हिशेबात धरू नये.

यंत्राची निवड : फाउंड्री वाळूचे उदाहरण

कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले वसाहतींत वाहनांचे व पंपांचे सुटे भाग ओतणाऱ्या अनेक फाउंड्री आहेत. त्यांना लागणारी सिलिका वाळू सिंधुदुर्गातील कासार्डे-फोंडा पट्ट्यातून घाट चढून येते. वापरलेल्या वाळूचे ढीग कुठे टाकायचे, हा दुसरा प्रश्न. वाळूची पुनर्प्रक्रिया दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते, पण त्याचा प्रकल्प लहान फाउंड्रीच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून सामाईक केंद्रासाठी ही निवड चपखल ठरते.

तरीही ती सोपी नाही. बेंटोनाइट मातीने बांधलेली साच्याची वाळू आणि रेझिनने (रासायनिक राळेने) बांधलेली कोअरची (ओतीव भागात पोकळी ठेवणाऱ्या गाभ्याची) वाळू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेझिनची वाळू औष्णिक पद्धतीने, साधारण ६५० ते ८०० अंश सेल्सियसला भाजली की रेझिन जळून जाते आणि दाणा पुन्हा वापरता येतो. तीत बेंटोनाइटची वाळू मिसळली तर मातीचा थर दाण्यावर भाजून बसतो, पुढच्या वेळी रेझिन जास्त लागते आणि कोअरची ताकद घटते. अल्कधर्मी रेझिन वापरणाऱ्या एका सभासदाची वाळू मिसळली गेली, तर आम्लाने घट्ट होणारे रेझिन वापरणाऱ्यांच्या कोअर नीट घट्ट होत नाहीत. दोष केंद्राच्या भट्टीचा नसतो, पण कास्टिंग नापास झाले की बोट केंद्राकडेच दाखवले जाते. म्हणून प्रत्येक सभासदाची वाळू वेगळ्या कप्प्यात उतरवणे, ट्रक रिकामा होण्याआधी नमुना घेणे, आणि भाजलेल्या वाळूच्या प्रत्येक खेपेबरोबर ज्वलनघट (जाळल्यावर घटणारे वजन) व चाळणी विश्लेषणाचा (दाण्यांच्या आकाराचा) कागद देणे, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लागते. शिवाय वाळू हा वजनाला भारी, किमतीला हलका माल. केंद्र वसाहतीपासून लांब असेल तर जाण्यायेण्याच्या भाड्यातच बचत संपते.

हाच विचार इतर सुविधांनाही लागू पडतो. स्पेक्ट्रोमीटर (धातूतील घटक मोजणारे यंत्र) किंवा त्रिमितीय मापन यंत्र यांचे नमुने दुचाकीवरूनही नेता येतात, त्यामुळे अंतर आड येत नाही. पण वितळलेल्या धातूचे रसायन तपासायला भट्टीपाशी मिनिटांत उत्तर हवे असते, म्हणून तिथे केंद्राचा स्पेक्ट्रोमीटर फक्त पडताळणीपुरता उरतो. मापन यंत्राला २० अंशांना स्थिर ठेवलेली खोली लागते. प्रयोगशाळेच्या अहवालाला ग्राहक कंपनीकडे किंमत हवी असेल तर आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकानुसार एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता घ्यावी लागते. तिच्यासाठी लागणारा वेळ आणि कुशल तंत्रज्ञाचा पगार प्रकल्प अहवालात नसला, तर उत्तम यंत्र असूनही सभासद जुन्याच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुने पाठवत राहतात.

चालवताना काय बिघडते

निदान अहवालापासून यंत्र बसेपर्यंत अनेकदा तीन-चार वर्षे जातात. तोवर कोटेशनचे दर बदलतात आणि ज्या यंत्राची गरज होती ते एखाद्या मोठ्या सभासदाने स्वतःच घेतलेले असते. मग तोच केंद्राचा संचालक आणि तोच केंद्राचा स्पर्धक. दहा टक्क्यांची मर्यादा भाऊ, मुलगा व पत्नी यांच्या नावावरील कारखान्यांनी कागदोपत्री पाळली जाते. यावर नियमापेक्षा रजिस्टर प्रभावी ठरते: नोंद येईल त्या क्रमाने यंत्राची वेळ द्यायची, ती सर्वांना दिसेल अशी लावायची, आणि तातडीच्या कामाला जादा दर लावायचा.

दर ठरवताना होणारी चूक ठरावीक आहे. यंत्र अनुदानातले, म्हणून घसारा धरायचा नाही आणि बाजारापेक्षा निम्म्या दरात काम द्यायचे. सुरुवातीला गर्दी होते; पाच-सहा वर्षांनी मुख्य सुटा भाग बदलायची वेळ येते तेव्हा खात्यात काही नसते. सभासदांना बाजारभावापेक्षा थोडा कमी आणि बिगरसभासदांना बाजारभावाइतका दर, आणि घसाऱ्याएवढी रक्कम दरवर्षी वेगळ्या ठेवीत, ही पद्धत टिकते. उच्चदाब वीजजोडणीचा स्थिर आकार यंत्र चालो न चालो भरावाच लागतो, म्हणून सुरुवातीला मंजूर भार कमी घ्यावा आणि काम वाढेल तसा वाढवावा.

कमी बोलले जाणारे कारण म्हणजे गुपिताची भीती. डायचे रेखाचित्र किंवा नवा नमुना केंद्रात दिला की शेजारच्या कारखानदाराला तो दिसेल, या शंकेने सभासद मोठे काम बाहेरगावीच पाठवतात. रेखाचित्रांना सभासदाच्या नावाऐवजी क्रमांक देणे, संगणकातील फाइल काम झाल्यावर मिटवणे आणि व्यवस्थापक कोणत्याही सभासदाचा नातलग नसणे, एवढ्याने बरीच शंका फिटते.

केंद्र चाललेच नाही, तरी अनुदानातून घेतलेली यंत्रे एसपीव्हीला शासनाच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येत नाहीत.