इम्प्लांटला कीड लागत नाही, पण हिरडी सुजते

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू; त्यावर दाताची कॅप बसते. ते बसवून झालं की बरेच जण विचारतात, "डॉक्टर, आता या दाताची काळजी संपली ना?" किडीची काळजी खरंच संपली, टायटॅनियम किडत नाही. पण भोवतीची हिरडी आणि हाड तुमचंच आहे, आणि आजार त्यांना होतो. दाताभोवती झाला तर आपण पायरिया म्हणतो, इम्प्लांटभोवती झाला तर पेरी-इम्प्लांटायटिस.

सुरुवात दोन्हीकडे सारखीच. हिरडीच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर साचून राहिला की शरीर पांढऱ्या पेशी धाडतं. त्या इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा अशी रसायनं सोडून आणखी पेशींना बोलावून घेतात. एमएमपी-८ नावाचं विकर (एन्झाइम) हिरडीतले कोलॅजनचे धागे तोडतं. 'रँक-एल' हे प्रथिन वाढलं की हाड खाणाऱ्या पेशी तयार होतात; एरवी ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरं प्रथिन त्याला आवर घालत असतं. म्हणजे हाड झिजवतात त्या आपल्याच पेशी. जिवाणू फक्त निमित्त होतात.

फरक पडतो तो बांधणीत. बाजेची चौकट सुंभाने विणलेली असते, तसा मूळचा दात हाडात असंख्य धाग्यांनी ताणून धरलेला असतो. हे धागे एका टोकाला दाताच्या मुळात आणि दुसऱ्या टोकाला हाडात रुतलेले असतात, त्यांच्यामधून रक्तवाहिन्याही जातात. इम्प्लांटला हा थर नसतो. हाड थेट टायटॅनियमला धरतं, आणि वरच्या हिरडीतले धागे स्क्रूला समांतर, नुसते टेकून जातात. रक्तपुरवठाही कमी.

स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग शहरात १९६५ साली माणसाच्या जबड्यात पहिलं टायटॅनियम इम्प्लांट बसलं. त्याच शहरातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली ८० रुग्णांच्या हिरडीचे तुकडे तपासले: ४० जणांना तीव्र पायरिया, ४० जणांना तीव्र पेरी-इम्प्लांटायटिस. इम्प्लांटभोवतीचा सुजेचा भाग दुपटीहून मोठा निघाला, न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशीही कितीतरी जास्त. पायरियात सूज आणि हाड यांच्यामध्ये सहसा साधारण एक मिलिमीटर धडधाकट धाग्यांचा पट्टा शिल्लक राहतो. इम्प्लांटभोवती तो आडोसा मोडतो आणि सूज हाडापर्यंत भिडते.

एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. पायरियात हाड झिजलं की दात हलू लागतो आणि माणूस दवाखाना गाठतो. इम्प्लांट तसा हलत नाही. वरचं हाड गेलं तरी खालच्या हाडात तो घट्ट बसलेला असतो, बहुतेकदा दुखतही नाही. "हलत नाही, दुखत नाही, म्हणजे ठीक आहे" हा हिशेब इथे चुकतो. हलायला लागला, तर तो वाचवणं जवळपास अशक्य असतं.

म्हणून ब्रश करताना इम्प्लांटपाशी रक्त आलं, हिरडी लाल दिसली, दाबल्यावर पू आला किंवा वास येऊ लागला, तर त्याच आठवड्यात या. सूज हिरडीपुरती असेल तर नीट साफसफाईने ती पूर्ण बरी होऊ शकते. गेलेलं हाड परत आणणं मात्र फार कठीण, आणि तसं आश्वासन आम्ही देत नाही.

ज्यांचे दात आधी पायरियाने गेले त्यांना हा धोका जास्त. पायरिया आटोक्यात येईपर्यंत आम्ही इम्प्लांट बसवत नाही, कितीही घाई असली तरी. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे त्यांचा आजार लपून राहतो. तंबाखू आणि मिश्री सोडायला आम्ही लागेल ती मदत करू.

रोज रात्री दोन दातांमधला बारीक ब्रश कॅपच्या कडेने फिरवा. कसा, ते इथे आरशात दाखवू. तपासणीत आम्ही हिरडी आणि इम्प्लांट यांच्यातल्या फटीची खोली मिलिमीटरमध्ये मोजतो आणि एक्स-रे जुन्या एक्स-रेशी ताडून पाहतो. म्हणून इम्प्लांट दुसरीकडे बसवलं असेल, तर कॅप बसवली त्या वेळचा एक्स-रे आणि इम्प्लांटचं कार्ड येताना सोबत आणा.